ओटा झाला की

४ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चार ओळी लिहा, जे वाटलं ते. म्हटलं, मला काही वाटतच नाही. म्हणाल्या, मग तसं लिहा. तर आज काही वाटलं नाही. ही एक ओळ झाली. उरलेल्या तीन ओळींत काय घालायचं कळेना, म्हणून घरातली परिस्थिती लिहून ठेवते.

घरात आम्ही दोघी. मी आणि आई, म्हणजे माझ्या सासूबाई. माझा नवरा सप्टेंबरात गेला. लिफ्ट दुरुस्त करायचा. कामावरच छातीत कळ आली आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्याच्या बारा दिवस आधी, एका रविवारी, त्याने घण घेऊन स्वयंपाकघरातला ओटा फोडला होता. जुना ओटा आईंच्या मापाचा. मी या घरात सगळ्यात उंच, आणि आई माझ्या खांद्यालाही येत नाहीत. त्यावर सोळा वर्षं वाकून माझ्या कमरेचे बारा वाजले होते. नवा करू, तुझं हे वाकणं बंद, असं म्हणाला होता. ओटा फोडला, राडारोडा खाली नेऊन टाकला, आणि मग गेला. तेव्हापासून शेगडी टेबलावर आहे, भांडी खोक्यांत आहेत, आणि भिंतीला उघडं सिमेंट आहे.

चारच्या बऱ्याच ओळी झाल्या. उद्याला सुट्टी मिळते का, विचारायला हवं होतं.

५ फेब्रुवारी

चिऊचा फोन आला. चिऊ म्हणजे माझी नणंद. पन्नाशीला आली, दोन मुलं कॉलेजात आहेत, पण घरात अजून चिऊच. म्हणाली, वहिनी, आईला आता माझ्याकडे घेऊन जाते, तू एकटी किती दिवस ओढणार. म्हटलं, बघू, ओटा झाला की. काही विचार करून म्हटलं नाही. समोरचा गप्प झाला की काहीतरी म्हणायचं असतं, म्हणून म्हटलं. माझे हात कणकेत होते, त्यामुळे फोन स्पीकरवर टाकला होता. आई शेजारी बसून वाटाणे सोलत होत्या.

आज वाटलेलं: काही नाही.

९ फेब्रुवारी

दगडांच्या दुकानात गेले. दुकान कसलं, पत्र्याची मोठी शेड. आत दगडाच्या लाद्या उभ्या करून ठेवलेल्या, माणसापेक्षा उंच. मालकाच्या भुवयांवरसुद्धा पांढरी धूळ. मी त्याला दगडवालाच म्हणणार. मी चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात आहे असं सांगितलं, तर म्हणाला, तुम्ही काच घासता, मी दगड, धंदा एकच. मी हसले असावे.

मी विचारलं, सगळ्यात टिकाऊ काय? तर म्हणाला, "मॅडम, दगडाला काय सोसतं ते विचारू नका. तुम्हाला काय सोसत नाही ते सांगा. डाग, चरे, आवाज, की सारखं पुसणं?" मला सध्या सगळंच सोसतं. मग त्याने तळहाताएवढे सहा तुकडे पिशवीत घालून दिले. महिना-दीड महिना घरी ठेवा, त्यांच्यावर काहीही सांडा, आणि मग या.

१० फेब्रुवारी

सहा तुकडे खिडकीत ओळीने मांडले. संगमरवर, ग्रॅनाईट, क्वार्ट्झ, पांढरं ॲक्रिलिक, लाकूड आणि स्टील. आईंनी चष्मा लावून एकेक उचलून बघितला, वास घेतला, नखाने खरवडला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्या कशात तरी लक्ष घालताना दिसल्या. म्हणाल्या, घाई करायची नाही, एकेकाची नीट परीक्षा घेऊ. म्हटलं, घ्या.

भिंतीवर पेन्सिलच्या दोन रेघा आहेत. माझ्या नवऱ्याच्याच. वरची छत्तीस इंचांवर, खालची एकोणतीसवर, शेजारी बारीक आकडे. जुना ओटा एकतीसचा होता, म्हणजे खालची रेघ धड जुनीही नाही आणि नवीही नाही. खालची चुकली म्हणून वरची मारली असावी. एरवी त्याची रेघ चुकायची नाही. पण त्या आठवड्यात त्याला बरं वाटत नसेल, असं आता वाटतं.

१७ फेब्रुवारी

ॲक्रिलिक बाद. आईंनी त्याच्यावर आठवडाभर भाजी चिरली आणि आज माझ्यापुढे धरलं. चऱ्यांची जाळी झाली होती. आई म्हणाल्या, बघ, एका आठवड्यात म्हातारं झालं. बोलण्यात समाधान होतं. मी मान डोलावली.

कारखान्यात आज एक काच इतकी घासली की हातात नुसती कड राहिली. मालकांनी पाहिलं आणि दुसरी काच पुढे ठेवली. त्यांनी ओरडायला हवं होतं. माणसं मला हल्ली ओरडत नाहीत.

२४ फेब्रुवारी

संगमरवर बाद. लिंबाच्या फोडीने रात्रभरात पांढरट गोल उमटला. हे होणारच होतं, दगडवाल्याने आधीच सांगितलं होतं. तरी आईंनी लिंबानंतर चहा, चहानंतर हळद, हळदीनंतर तेल असं सगळं त्याच्यावर काढलं. म्हटलं, आई, नापास झालेल्याला पुन्हा कशाला बसवता परीक्षेला? म्हणाल्या, कुणावर अन्याय नको. पाठीमागे पेन्सिलीने तारीखही घातली.

ह्या बाईंनी माझ्या लग्नाची साडी दहा मिनिटांत निवडली होती.

३ मार्च

क्वार्ट्झवर आईंनी तापलेला तवा ठेवला. पिवळा डाग पडला आणि जळका वास सुटला. बाद. दगडवाला म्हणाला होता की तवा थेट ठेवू नका. मी ते आईंना सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, घाईच्या वेळी कोण लक्षात ठेवतं. खरं तर आमच्या घरात आता घाईची वेळ कधी येतच नाही. डबा माझा एकटीचा असतो.

चिऊचा फोन. ओटा कुठवर आला? म्हटलं, तीन राहिले.

१० मार्च

लाकूड फुगलं, बाद. स्टीलवर भांडं ठेवलं की थाळी वाजवल्याचा आवाज येतो, आई दचकतात, म्हणून तेही बाद. स्टीलचा आवाज होतो हे चार आठवड्यांच्या परीक्षेशिवाय कळलं नसतं का, असं मनात आलं.

आता ग्रॅनाईट एकटाच उरला आहे. काळा, आत करड्या ठिपक्यांचा.

१५ मार्च

ग्रॅनाईट पास. लिंबू, चहा, हळद, तेल, तवा, सुरी, सगळं झालं. ओलं फडकं फिरवलं की पहिल्यासारखा. आईंना म्हटलं, सापडला एकदाचा. त्या म्हणाल्या, काळा फार आहे, अंधारून येतं. म्हटलं, वरती दिवा लावू. म्हणाल्या, काळ्यावर मुंगी दिसत नाही. म्हटलं, मुंग्या पाळायच्या थोड्याच आहेत. जेवताना मी पानात काय वाढलं तेही त्यांनी बघितलं नाही, आणि त्या सहसा बघतात आणि बोलतात.

हट्टीपणा वाढलाय. वयामुळे असेल.

१९ मार्च

विचित्र प्रकार. कामावरून आले तर ग्रॅनाईटच्या तुकड्याच्या मधोमध रुपयाएवढा पांढुरका डाग. आई म्हणाल्या, लिंबाने झालं असेल, मी सांगत होते ना हा पण चांगला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाल्या.

मी पिशवीतून भिंग काढलं. दिवसभर तेच काम करते, त्यामुळे दोन सेकंद पुरले. तो डाग नाही. घासलेलं आहे. बारीक रेघा, सगळ्या एका दिशेने, जरा तिरप्या, हाताने घासल्यावर येतात तशा. नवऱ्याची हत्यारांची पेटी उघडली. पॉलिश पेपरच्या घडीचा एक कोपरा फाडलेला होता. फाडलेला तुकडा केराच्या डब्यात सापडला, त्याला काळी भुकटी लागलेली.

म्हणजे मी घरात नसताना आईंनी बसून दगड घासला. का, ते त्यांनाही माहीत नसणार. मागच्या आठवड्यात गॅस चालू ठेवून बाल्कनीत गेल्या होत्या. त्यांचं डोकं आता जागेवर राहिलेलं नाही. मुलगा गेल्यावर असं होतं, असं कुणीतरी सांगितलं होतं मला.

मला काळजी वाटायला हवी होती. तुकडा पुसून परत खिडकीत ठेवला.

२० मार्च

चिऊला फोन करून सगळं सांगितलं. पॉलिश पेपर, गॅस, मुंग्या. ती रडली. म्हणाली, वहिनी, मग तर एक दिवससुद्धा तिला घरात एकटं ठेवायला नको, तू दिवसभर कामावर असतेस. मुलांच्या परीक्षा संपल्या की येते, एकतीसला रविवार आहे, गाडी घेऊन येते. म्हटलं, ये.

आईंना संध्याकाळी सांगितलं. त्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. "बरं," म्हणाल्या, आणि हातातली घडी पूर्ण केली. मला वाटलं होतं भांडतील. चला, सोपं झालं.

२३ मार्च

तुकडा घेऊन दगडवाल्याकडे गेले. त्याने अंगठा फिरवला, पाणी लावून पाहिलं, म्हणाला, दगड उत्तम आहे मॅडम, ह्याचं पॉलिश कुणीतरी मेहनतीने काढलंय. तास-दीड तास लागला असेल. घरी कुणाला राग आलाय का? म्हटलं, आमच्या सासूबाई, वय झालंय. तो "अच्छा" म्हणाला आणि तुकडा बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, हा घासलेला भागच बघा, चकाकी नाही, दिव्याची तिरीप डोळ्यांत जाणार नाही. हाच दगड बिनपॉलिशचा घ्या, लोक मुद्दाम मागून घेतात.

मलाही तो गोल बोटाला बरा लागला. ठरवलं. पुढच्या शनिवारी माप घ्यायला येणार. ओट्याचं एकदाचं मार्गी लागलं.

२७ मार्च

आई आवरतायत. त्यांची एक बॅग भरून दाराशी ठेवलीय. खोक्यांमधल्या डब्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या: साखर, मीठ, सोडा. म्हटलं, मला मीठ ओळखता येतं. म्हणाल्या, असू दे. पाण्याचा मेन कॉक कुठे आहे ते दाखवलं, तो उलटा फिरतो हेही सांगितलं. नवऱ्याच्या शाळेच्या फोटोंचा डबा माझ्या कपाटात आणून ठेवला. मी म्हटलं, हा तुम्ही न्या. तर म्हणाल्या, "इथला आहे, इथेच राहू दे."

डोकं जागेवर नसलेल्या माणसाला इतकं सगळं बरोब्बर कसं आठवतं, हे काही कळत नाही. डॉक्टरीणबाईंना विचारायचं.

३० मार्च

आजचं लिहायला वेळ लागणार आहे.

दगडवाला अकराला आला. टेप काढला, लांबी-रुंदी घेतली, मग विचारलं, उंची किती धरू? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, "हिच्या मापाने धरा. मी उद्या चाललेय." त्याने मला भिंतीला लागून उभं केलं. कोपर वाकवायला सांगितलं, कोपरापासून सहा इंच खाली टेप धरला. छत्तीस. बरोबर वरच्या रेघेवर. म्हणाला, हे आधीच कुणी काढून ठेवलंय. म्हटलं, माझ्या नवऱ्याने. मग त्याने खालच्या रेघेवर बोट ठेवलं. ही कशाची? म्हटलं, ती चुकलेली.

"चुकलेली नाही ती," आई म्हणाल्या.

त्या दारात उभ्या होत्या. तिथूनच सांगितलं. ओटा फोडला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी कामावर होते. माझ्या नवऱ्याने त्यांना ह्याच भिंतीला उभं केलं, कोपर वाकवायला लावलं आणि रेघ मारली. म्हणाला, आई, तू दोन इंच झिजलीस की. खिडकीकडचा भाग तिच्या मापाचा आणि दाराकडचा तुझा, दोघींना एकमेकींच्या मापात उभं राहायला नको.

मी विचारलं, मग सात महिने हे बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, "तू विचारलं नाहीस. आणि आपणहून सांगायचं म्हणजे मीच जागा मागितल्यासारखं झालं असतं." मग म्हणाल्या, "तूच चिऊला म्हणालीस, ओटा झाला की बघू. मग मी काय करणार होते? होऊ देत नव्हते."

मला आठवेना. खरंच आठवेना. ही वही आणली आणि पानं उलटली. पाच फेब्रुवारी. माझंच अक्षर. खाली लिहिलंय, आज वाटलेलं: काही नाही. पाच आठवडे त्यांनी लिंबू, तवा आणि सुरी घेऊन सहा दगडांशी झुंज घेतली, आणि शेवटचा हरेना तेव्हा बसून हाताने घासला. त्या दगडावरच्या रेघा मी भिंगातून मोजल्या आणि चिऊला फोन करून सांगितलं की आईला वेड लागतंय. माझ्यासारखी आंधळी मीच. नवऱ्याच्या हातची सरळ रेघ रोज डोळ्यांसमोर होती आणि मी ती चुकली म्हणत होते.

मला रडू आलं. तो गेल्यावर आलं नव्हतं. हॉस्पिटलात नाही, नंतर नाही, आणि आता परक्या माणसासमोर, तोंडात पदर कोंबून रडावं तसं, पदर नव्हता म्हणून वही तोंडावर धरून. दगडवाला खिडकीच्या कट्ट्याचं माप घ्यायला गेला. ते माप त्याला नको होतं. आई आल्या. माझ्या खांद्यापर्यंत हात न्यायचा तर त्यांना टाचा उंचवाव्या लागतात, म्हणून त्यांनी तो कमरेवर ठेवला. त्यांचा हात थंड होता.

दगडवाल्याला म्हटलं, दोन्ही रेघांवर करा. तो म्हणाला, मग लादी कापावी लागेल, मध्ये सांधा येईल, आणि तो दिसेल. म्हटलं, दिसू दे.

३१ मार्च

चिऊ गाडी घेऊन आली आणि माझ्याशी भांडून गेली. तिचं बरोबर होतं. म्हणाली, आधी म्हणतेस तिचं डोकं चालत नाही, आणि आता म्हणतेस तुझंच चालत नव्हतं. मी काय समजायचं? मी म्हटलं, दुसरं समज. पॉलिश पेपरचं खरं कारण सांगितलं नाही, ते आमच्या दोघींत राहील. ती आईंना दोनदा म्हणाली, चल. आई म्हणाल्या, ओटा होऊ दे. चिऊ जाताना म्हणाली, ठीक आहे वहिनी, झाला की फोन करते, तेव्हा मला एकच उत्तर पाहिजे.

आईंची बॅग अजून दाराशीच आहे. मी तिला अडखळले. त्यांनी ती उचलली नाही आणि मीही नाही.

६ एप्रिल

कारखान्यात चुकीच्या नंबरची काच घासली. मालक ओरडले. बरं वाटलं.

२० एप्रिल

ओटा बसला. चार माणसांनी लादी वर आणली, दगडवाला दोन तास गुडघ्यावर बसून सांधा भरत होता. सांधा दिसतो. काळ्यावर करडी रेघ, आणि तिथून ओटा सात इंच खाली उतरतो. जाताना त्याने आमचा तो घासलेला तुकडा परत मागितला, गिऱ्हाइकांना दाखवायला. आई म्हणाल्या, मिळणार नाही.

मी माझ्या बाजूला कणीक मळली. कंबर सरळ. इतक्या वर्षांनी सरळ उभं राहिल्यावर मान कुठे ठेवायची ते कळेना. आईंनी त्यांच्या बाजूला आधी लिंबू कापलं आणि फोड दगडावर घासून ठेवली. म्हटलं, आता कशाला? म्हणाल्या, खात्री केलेली बरी.

तेवढ्यात चिऊचा फोन. माझे हात कणकेत, म्हणून स्पीकरवर टाकला. झाला का ओटा? आईंचा हात लिंबावर तसाच राहिला. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, दाराशी ठेवलेल्या बॅगेकडे बघत होत्या.

म्हटलं, "झाला. पण अर्धा माझ्या कामाचा नाही, तिथे मला वाकावं लागतं. तेवढ्यासाठी आई इथेच राहतील."

तिकडून चिऊने नाक ओढल्याचा आवाज आला आणि ती म्हणाली, मग रविवारी मीच जेवायला येते, मला कुठली बाजू? आई म्हणाल्या, तू टेबलावर. मग त्यांनी लिंबाची फोड उचलली, फडकं फिरवलं, चष्मा पुसून वाकून बघितलं, आणि म्हणाल्या, डाग नाही, उद्या हळद टाकून बघू.

संध्याकाळी बॅग मी आत नेऊन ठेवली. आईंनी ती रिकामी केली.

आज वाटलेलं: त्याने हा ओटा बघायला हवा होता.